अकाउंटिंगची प्राध्यापकी: नेट, पीएच.डी., विषय आणि फळा

प्रश्न थोडक्यात असा आहे: बी.कॉम.ला 60 च्या वर, एम.कॉम.ला 58 टक्के, सीए इंटरचा एक ग्रुप झालेला, सध्या जिल्ह्याच्या गावी तासिका तत्त्वावर शिकवणं चालू. अकाउंटिंगचा पूर्णवेळ प्राध्यापक व्हायचं तर नेट आधी की पीएच.डी.? संशोधनाला विषय कोणता घ्यावा? मुलाखतीत नेमकं काय बघतात?

नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) किंवा सेट (तीच राज्य पातळीवरची) आधी. 1 जुलै 2023 पासून सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीसाठी नेट/सेट ही किमान पात्रता आहे आणि पीएच.डी. ऐच्छिक आहे. पदव्युत्तरला 55 टक्के लागतात, आरक्षित प्रवर्गांना 50. तुमचे 58 आहेत, तेव्हा इथं अडचण नाही. पण "ऐच्छिक" हा शब्द वाचून निवांत होऊ नका. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमावलीत महाविद्यालयांसाठी उमेदवारांची चाळणी लावायचा जो तक्ता आहे, त्यात स्वतःला बसवून बघा. बी.कॉम. 60 ते 80 टक्क्यांत असेल तर 19 गुण, एम.कॉम. 55 ते 60 मध्ये असेल तर 20, सेटचे 5, नेटचे 8, जेआरएफचे (नेटमधून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती) 10. म्हणजे नेट धरून तुमचे 47. पीएच.डी.चे एकटीचे 25. अनुभवाचे वर्षाला 2, जास्तीत जास्त 10. शोधनिबंधांचे प्रत्येकी 2, जास्तीत जास्त 6. नेटवाला 47 वर आणि नेट-पीएच.डी.वाला 72 वर असेल तर मुलाखतीचं पत्र कुणाला जाईल ते सांगायला नको. नेटनं अर्ज पात्र ठरतो, पीएच.डी.नं तो वर येतो. म्हणून क्रम नेट, मग पीएच.डी., पण मधे चार वर्षांची विश्रांती नको.

नेटला अकाउंटिंगचे लोक कुठं पडतात? दुसऱ्या पेपरच्या दहा घटकांपैकी लेखांकन आणि लेखापरीक्षण हा एकच घटक आहे. वित्त आणि आयकर हे दोन जवळचे. बाकी व्यवसाय पर्यावरण, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, व्यवस्थापन, बँकिंग, विपणन, कायदे. सीएचा अभ्यास केलेला माणूस लेखांकनाचे प्रश्न पटापट सोडवतो आणि विपणनात अडकतो. पहिला पेपर तर बरेच जण वाचतच नाहीत. त्याचे 100 गुण आहेत, दुसऱ्याचे 200, दोन्ही मिळून 150 प्रश्न, 180 मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला 72 सेकंद. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. सेट परीक्षा महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. दोन्हींचा अभ्यास एकच असल्यानं दोन्हींना बसावं. जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000 आणि पुढं 42,000 रुपये मिळतात. पूर्णवेळ पीएच.डी. करायची असेल तर घर चालवायला एवढा एकच खात्रीचा आधार.

तासिका तत्त्वाबद्दल एक कडू गोष्ट. विद्यापीठाची मान्यता आणि वर्षनिहाय अनुभव प्रमाणपत्र हातात नसेल तर ती वर्षं चाळणीत धरून घेणं अवघड जातं. आणि पुढं पदोन्नतीसाठी जुनी सेवा मोजताना निवड रीतसर झाली होती का आणि एकूण वेतन नियमित शिक्षकाएवढं होतं का, हे बघतात. तासिकेचं मानधन तिथं बहुधा बसत नाही. शिकवा, हात तयार होतो, पण "पाच वर्षं झाली, आता घेतीलच" या भरवशावर राहू नका. जागा निघते ती बिंदुनामावली (आरक्षणाचा क्रमतक्ता) तपासून, ना-हरकत मिळून, जाहिरात येऊन. त्याला आपल्या अनुभवाची घाई नसते.

पूर्णवेळ लागल्यावर वेतनाच्या लेव्हल 10 ची सुरुवात 57,700 मूळ वेतनानं होते. पीएच.डी. असेल तर पुढच्या लेव्हलला चार वर्षांत, नसेल तर सहा वर्षांत. सहयोगी प्राध्यापक म्हणजे लेव्हल 13ए, सुरुवात 1,31,400. तिथं पीएच.डी. नसेल तर दारच बंद.

आता संशोधन. नीट बसून विचार करायची जागा हीच.

आपल्याकडं वाणिज्यातल्या प्रबंधांचं एक ठरलेलं नाव असतं: "अमुक जिल्ह्यातील नागरी सहकारी पतसंस्थांच्या आर्थिक कामगिरीचा अभ्यास". दहा संस्था, पाच वर्षं, पंधरा गुणोत्तरं, शेवटी टी-टेस्ट आणि "लक्षणीय फरक आढळला नाही". यात मेहनत असते, फक्त प्रश्न नसतो. चालू गुणोत्तर 1.8 आहे हे कळल्यानं कुणाच्या ज्ञानात काय भर पडली? दुसरा ठरलेला प्रकार म्हणजे प्रश्नावली. दोनशे करदात्यांना "जीएसटीबद्दल तुमचं समाधान 1 ते 5 मध्ये सांगा". लोक वहीखाते कसं ठेवतात ते अशा प्रश्नावलीतून कळत नाही, ते काय बोलतात एवढंच कळतं. माझं स्पष्ट मत: लेखांकनात प्रकाशित हिशेब हाताशी असताना प्रश्नावलीकडं जाऊ नये.

लेखांकनाच्या आधुनिक संशोधनाची सुरुवात सहसा 1968 पासून सांगतात. त्या वर्षी रे बॉल आणि फिलिप ब्राउन यांनी नफ्याचा आकडा आणि शेअरची किंमत यांचा संबंध आकडेवारीनं दाखवला. पुढं वॉट्स आणि झिमरमन यांनी विचारलं की कंपनी अमुकच लेखापद्धत का निवडते? 1991 मध्ये जेनिफर जोन्स यांनी नफा "घडवला" गेला आहे का हे मोजायची रीत दिली. हे तीन टप्पे समजून घेतले की निबंध वाचताना लेखक कोणत्या रांगेत उभा आहे ते ओळखता येतं.

भारतात विषय शोधायचा तर कायद्यातल्या रेषा बघा. इंड-एएस (नवी भारतीय लेखा मानकं) 1 एप्रिल 2016 पासून 500 कोटी किंवा अधिक निव्वळ मालमत्तेच्या कंपन्यांना लागू झालं, वर्षभरानं बाकीच्या सूचीबद्ध कंपन्यांना आणि 250 कोटींच्या वरच्या बिगर-सूचीबद्धांना. कंपनी कायदा 2013 च्या कलम 139 नं सूचीबद्ध आणि ठरावीक मोठ्या कंपन्यांत लेखापरीक्षक फर्मला सलग पाच-पाच वर्षांच्या दोनच मुदती दिल्या. बीआरएसआर अहवाल (व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा) 2022-23 पासून बाजारमूल्यानं पहिल्या 1000 सूचीबद्ध कंपन्यांना सक्तीचा झाला. अशा रेषेच्या जरा अलीकडच्या आणि जरा पलीकडच्या कंपन्या एरवी सारख्याच असतात, फरक फक्त नियमाचा. 480 कोटींची कंपनी आणि 520 कोटींची कंपनी यांची तुलना केली तर परिणाम नियमाचा की आकाराचा, हा वाद बराच मिटतो.

समजा नफा-घडवणुकीवर काम करायचं ठरवलं. एकूण अ‍ॅक्रुअल्स म्हणजे नफा वजा कामकाजातला रोख प्रवाह. त्याला वर्षारंभीच्या एकूण मालमत्तेनं भागायचं, मग उद्योगनिहाय आणि वर्षनिहाय समीकरण चालवायचं: विक्रीतला बदल, स्थावर-यंत्रसामग्री, आणि 1 भागिले मालमत्ता. जोन्सच्या रीतीत 1995 मध्ये जी सुधारणा झाली तिच्यात अंदाज काढताना विक्रीच्या बदलातून ऋणकोंमधला (गिऱ्हाइकांकडच्या उधारीतला) बदल वजा करतात, कारण उधारीवर फुगवलेली विक्री नेमकी तिथंच लपते. समीकरणानं न समजावता आलेला उरलेला भाग तो संशयाचा. एका गटात निदान आठ-दहा कंपन्या हव्यात, नाहीतर गुणक हवेत तरंगतात. बँका आणि वित्तकंपन्या आधीच वगळायच्या, त्यांच्या ताळेबंदाची जातच वेगळी.

चुकतं कुठं ते एका उदाहरणानं. एका किरकोळ विक्री साखळीचा नफा 40 कोटी, कामकाजातला रोख प्रवाह 25 कोटी. अ‍ॅक्रुअल्स 15. यात दुकानांचं भाडं 8 कोटी खर्चात पडलंय. 1 एप्रिल 2019 पासून भाडेपट्ट्यांचं मानक इंड-एएस 116 आलं. आता भाडं खर्चात नाही. त्याच्या जागी घसारा 7 आणि व्याज दीड, म्हणजे खर्च साडेआठ, नफा 39.5. पण ते 8 कोटी आता वित्तपुरवठ्याच्या रोख प्रवाहात गेले, त्यामुळं कामकाजातला रोख प्रवाह 33. अ‍ॅक्रुअल्स 6.5. करांचा परिणाम बाजूला ठेवला तरी चित्र हेच. दुकानं तीच, भाडं तेच, आणि तुमचं समीकरण सांगतंय की 2019-20 मध्ये कंपनी एकाएकी प्रामाणिक झाली! हा बदल न पकडता केलेले प्रबंध सापडतात. उपाय म्हणजे 2018-19 आणि 2019-20 मधे रेघ मारायची, किंवा भाड्याचे आकडे टिपांमधून उचलून दोन्ही वर्षं एका पायावर आणायची. दुसरं असंच खड्ड्याचं ठिकाण म्हणजे स्वतंत्र आणि एकत्रित हिशेबांची सरमिसळ: सीएमआयईच्या प्रोवेसमधून (कंपन्यांच्या हिशेबांचा विकत मिळणारा माहितीसंग्रह) काढताना एक वर्ष स्वतंत्र, एक वर्ष एकत्रित असं उतरलेलं असतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. बंद पडलेल्या कंपन्या यादीतून गळतात, उरतात त्या टिकलेल्या. विलीनीकरणाचं वर्ष काढून टाकायचं. टोकाच्या नोंदी 1 आणि 99 टक्क्यांवर बांधायच्या, म्हणजे त्यापलीकडचे आकडे त्या हद्दीवर आणायचे.

प्रोवेस प्रत्येक महाविद्यालयाला परवडत नाही, हे खरं. पण जिल्ह्याच्या गावी बसून जे मिळतं ते मुंबई-बंगळूरच्या संस्थांना सहज मिळत नाही: सहकाराचे हिशेब. साखर कारखान्यांचे छापील वार्षिक अहवाल सभासदांच्या घरोघरी असतात. त्यातला एकच आकडा घ्या, शिल्लक साखरेचं मूल्यांकन. वर्ष संपतं 31 मार्चला, म्हणजे गळीत हंगाम नुकताच संपलेला किंवा संपत आलेला आणि गोदामं भरलेली. समजा 5 लाख क्विंटल शिल्लक आहे. क्विंटलला 100 रुपये इकडचे तिकडे केले की नफा-तोट्यात 5 कोटींचा फरक. मानक सांगतं खर्च किंवा निव्वळ विक्रीमूल्य, जे कमी ते. पण खर्च काढताना मळीचं मूल्य वजा केलं का, कसं केलं, हे बहुतेक टिपांत नीट लिहिलेलं नसतं. शिवाय हीच साखर बँकेकडं मालतारण असते, तिथलं मूल्यांकन वेगळ्या दरानं. त्याच पोत्याचे दोन दर का, आणि तोट्याच्या वर्षी दोघांमधली फट कशी हलते? हा प्रश्न आहे. अजून एक: एफआरपी (उसाचा सरकारनं ठरवलेला किमान दर) 14 दिवसांत दिली नाही तर 15 टक्के व्याजाची तरतूद ऊस (नियंत्रण) आदेशात आहे. ते व्याज किती कारखाने देण्यांत दाखवतात, किती टिपेत संभाव्य म्हणून ठेवतात आणि किती गप्प बसतात? वीस कारखान्यांचे दहा वर्षांचे अहवाल, सोबत लेखापरीक्षण अहवाल आणि दोषदुरुस्ती अहवाल. एवढ्यावर प्रबंध उभा राहतो, आणि परीक्षक तो वाचतील.

मात्र माहिती हाती येण्याआधी विषय नोंदवू नका. कारखान्याचा अध्यक्ष तोंडी "या की" म्हणतो आणि निवडणूक लागली की अहवाल कपाटात जातात. लेखी परवानगी, निदान पाच वर्षांचे अहवाल प्रत्यक्ष हातात, मगच संशोधन समितीपुढं शीर्षक.

नियम थोडक्यात. 2022 च्या पीएच.डी. नियमांनुसार किमान तीन वर्षं, कमाल सहा. कोर्सवर्क किमान 12 क्रेडिट. सहायक प्राध्यापक एका वेळी चारच विद्यार्थी घेऊ शकतो, सहयोगी सहा, प्राध्यापक आठ, आणि निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी उरलेला मार्गदर्शक नवीन विद्यार्थी घेऊ शकत नाही. म्हणून खरी रांग मार्गदर्शकाच्या रिकाम्या जागेची असते. साहित्यचोरीची मर्यादा 10 टक्के. त्यापुढं 40 पर्यंत दुरुस्ती करून पुन्हा सादर करायचं, 60 च्या वर नोंदणीच जाते. बहुतेक जण पकडले जातात ते संकल्पनांच्या प्रकरणात, कारण व्याख्या पाठ्यपुस्तकातून जशाच्या तशा उतरवलेल्या असतात. यूजीसीची मान्य नियतकालिकांची केअर यादी 2025 मध्ये बंद झाली. आता नियतकालिक कसं आहे ते स्वतःच ठरवावं लागतं. दोन दिवसांत स्वीकृती आणि लगेच शुल्काचा क्रमांक आला की समजून जा.

शिकवण्याकडं वळू. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास थेट अध्यापन. राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून नवीन शैक्षणिक धोरणाचा आराखडा लागू झाल्यावर मेजर (मुख्य), मायनर (दुय्यम), ओपन इलेक्टिव्ह (खुला ऐच्छिक) अशी विषयांची विभागणी आली. त्यामुळं अकाउंटिंगचा माणूस केवळ अकाउंटिंगच शिकवेल याची हमी नाही.

प्रथम वर्षाला मुलं कुठं अडतात हे ज्याला कळलं त्याचा वर्ग चालतो. सगळ्यात जुना अडथळा बँकेचा. मोबाईलवर संदेश येतो, "तुमचं खातं 5,000 नं क्रेडिट झालं". मुलगा म्हणतो, पैसे आले म्हणजे क्रेडिट. मग तुम्ही फळ्यावर रोकड वहीत बँकेला नावे टाकता आणि तो गोंधळतो. इथं नियम पाठ करून घ्यायचा नाही. फळ्याचे दोन भाग करा. डावीकडं दुकानदाराची वही, उजवीकडं बँकेची वही. दुकानदारानं 5,000 भरले: त्याच्या वहीत बँक नावे, कारण ती त्याची मालमत्ता वाढली. बँकेच्या वहीत दुकानदार जमा, कारण बँकेचं देणं वाढलं. संदेश बँकेच्या वहीतून आलेला आहे. हे एकदा बसलं की बँक जुळवणी पत्रक आपोआप सुटतं, कारण जुळवणी म्हणजे एकाच व्यवहाराच्या दोन वह्यांतला फरक.

भांडवल "जमा" का, हाही तसाच प्रश्न. मालकाचे पैसे धंद्याला देणं कसे? धंदा वेगळा, मालक वेगळा, हे वाक्य तोंडपाठ असतं पण पटलेलं नसतं. मालकानं घरच्या किराण्यासाठी गल्ल्यातून 2,000 उचलले तर काय, असं विचारा. उचल खात्याची गरज तिथं दिसते.

राखीव निधी म्हणजे तिजोरीत बाजूला ठेवलेले पैसे, आणि घसारा म्हणजे नवीन यंत्रासाठी साठवलेली रक्कम, हे दोन गैरसमज तर एम.कॉम.पर्यंत टिकतात. रोख प्रवाह पत्रकात त्यांची परीक्षा होते. यंत्राचं पुस्तकी मूल्य 60,000, विकलं 75,000 ला. नफ्यातून 15,000 वजा करायचे आणि गुंतवणुकीच्या भागात 75,000 दाखवायचे. मुलं 15,000 वजा करायला विसरतात आणि पैसे दोनदा मोजले जातात, किंवा गुंतवणुकीत 60,000 लिहितात. दोन्ही चुका मुद्दाम फळ्यावर करून दाखवा आणि अखेरची रोख शिल्लक का जुळत नाही ते त्यांनाच शोधू द्या.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना तेरीज, खतावणी, ऋणको, धनको, ख्याती हे शब्द येतात, पण वर्गात ट्रायल बॅलन्स, लेजर, डेटर्स ऐकलं की विषयच नवा वाटतो. पहिले पंधरा दिवस दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी लिहायचे. वेळ जातो, पण नापासांची संख्या इथंच कमी होते.

उत्तरपत्रिका तपासताना एक पथ्य. अंतिम लेख्यांच्या प्रश्नात मुलानं एका समायोजनेत चूक केली तर तिचे गुण तिथंच कापा. तीच चूक पुढं नफ्यात आणि ताळेबंदात वाहत गेली म्हणून पुन्हा कापायचे नाहीत. गुणदान तक्ता प्रश्न काढतानाच तयार असला पाहिजे. आणि टिपणं दर उन्हाळ्यात नवीन. 1 एप्रिल 2026 पासून आयकर कायदा 2025 लागू आहे, त्यात मागील वर्ष आणि कर आकारणी वर्ष ही जोडी जाऊन "कर वर्ष" आलं. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या लेखा-सॉफ्टवेअरला बदलांची नोंद ठेवणारी सोय सक्तीची आहे, तेव्हा टॅलीच्या प्रात्यक्षिकात नोंद पुसून दाखवण्याऐवजी ती कुणी, कधी बदलली हे उघडून दाखवा.

मुलाखतीत पाठ घ्यायला बहुधा पाच-दहा मिनिटं मिळतात. उमेदवार व्याख्येनं सुरुवात करतात आणि उदाहरण येईपर्यंत वेळ संपतो. उलटं करा: आकडा आधी, नोंद मग, नाव शेवटी. भागीदाराचा प्रवेश घेतलात तर "जुन्या भागीदारांनी दहा वर्षं कमावलेलं गिऱ्हाईक नवा माणूस फुकट का घेईल?" इथून सुरू करून 1,00,000 ख्याती (गुडविल), एक चतुर्थांश हिस्सा, 25,000 ची नोंद, आणि ते त्याग गुणोत्तरात (जुन्यांनी सोडलेल्या हिश्श्यांच्या प्रमाणात) का वाटायचे, एवढं बसतं. समितीतला विषयतज्ज्ञ त्यानंतर हमखास दोन गोष्टी विचारतो. एक, "घसाऱ्यानं रोख वाढते का?" उत्तर: नाही, तो बिगर-रोख खर्च आहे म्हणून नफ्यात परत मिळवतात, पैसा येतो तो विक्रीतून. फार तर कर वाचतो. दोन, तुमच्या प्रबंधाचा प्रश्न एका वाक्यात. "आर्थिक कामगिरीचा अभ्यास" असं उत्तर दिलंत तर पुढचा प्रश्न येईल, "म्हणजे काय शोधलं?", आणि तिथं थांबायला होतं. "तोट्याच्या वर्षी कारखाने शिल्लक साखर चढ्या दरानं धरतात का, हे वीस कारखान्यांच्या दहा वर्षांच्या अहवालांतून बघतोय" असं म्हणालात तर पुढची दहा मिनिटं बोलणं तुमच्या आकड्यांवर चालेल. अहवालांच्या दोन-तीन पानांच्या छायाप्रती फाईलमध्ये, मान्यतापत्रांच्या शेजारी ठेवा.